कॅमशाफ्ट बदलल्यावर पिकअप ओढत नाही? आधी खुणा बघा

भाऊ, डिझेल पिकअपचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलल्यापासून गाडी ओढत नाही म्हणता. काम सुटण्यासारखं आहे, पण आधी सेल्फ मारणं थांबवा. टायमिंग, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवणारा दांडा) आणि कॅमचा मेळ, चुकलेला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावंच लागतं. हा मेळ क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणांवरून कळतो.

बॅटरी काढा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं, चालतं त्याच दिशेनं फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. त्यामुळे कधी क्रँकची खूण जुळते, पण कॅमची उलट्या बाजूला राहते; तेव्हा क्रँकला अजून एक फेरा द्या. नवशिके नेमके इथेच फसतात. टेन्शनर (बेल्ट किंवा चेन ताणून धरणारा भाग) बसवून पूर्ण दोन फेरे द्या, खुणा परत पाहा. मध्येच अडलं तर जोर अजिबात लावू नका.

खुणा बरोबर, तरी दम नाही? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेज लावून तपासा. एकाच सिलिंडरमध्ये कमी आलं तर संशय व्हॉल्व्हवर. गेज मात्र डिझेलचंच हवं, इंदूरला असाल तर सियागंजच्या बाजारात विचारा.

डिझेलच्या इंजेक्शन पंपाला सध्या हात लावू नका.