सहाव्या दिवशीचा आरसा

"मॅडम, आरशात हा कोण आहे तेच कळत नाही. मोठी चूक केली मी."

हनुवटीत इम्प्लांट, म्हणजे आकार सुधारायला हाडावर ठेवतात तो कृत्रिम तुकडा, बसवून सहा दिवस झालेल्या तरुणाचं फोनवरचं हे पहिलं वाक्य. वय 28, घर सांगवीला, नोकरी हिंजवडीत. मी समुपदेशक, माझा नंबर त्याला त्याच्या सर्जननीच दिला होता. त्याच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण गाल, हनुवटी किंवा जबड्यात इम्प्लांट बसवून घेणाऱ्या कितीतरी जणांना पहिल्या दोन आठवड्यांत हीच भीती धरते, आणि आधी तिच्याबद्दल त्यांच्याशी फारसं कोणी बोललेलं नसतं.

फोनवर मी आधी मनाचं काहीच विचारलं नाही. ताप आहे का? एकाच बाजूची सूज अचानक वाढली का? जखमेतून पू येतोय का? दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढतंय का? यातलं एक जरी असतं, तर माझ्याशी बोलत न बसता त्याच रात्री सर्जनना फोन करायला सांगितलं असतं. जंतुसंसर्ग औषधांनी आटोक्यात आला नाही तर इम्प्लांट काढावं लागतं, तिथे सकाळची वाट बघायची नसते. त्याला यातलं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त होती, आता उतरत होती. "उद्या आईला घेऊन ये," म्हटलं.

मास्क लावूनच आला. काढायला पाच-सात मिनिटं गेली. मग एकेक सांगू लागला. हनुवटी चौकोनी, खोक्यासारखी दिसते. हसलं की तोंड वाकडं होतं. खालचा ओठ बधिर आहे, सकाळी चहा ओघळून शर्टावर सांडला तरी कळलं नाही. मऊ खिचडी खाऊन जीव विटलाय, आणि उशांना टेकून अर्धवट बसून झोपायचं म्हणजे झोप कसली!

मी डॉक्टर नाही, पण हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की सर्जनांकडून नीट समजून घेतलंय. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून जिथे बाहेर येते, त्याच्या जवळच हे काम चालतं. नस ताणली जाते, सुजते. बधिरपणा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत जातो. थोड्या जणांना एखादी जागा कायमची बधिर राहते, आणि हे ऑपरेशनआधी ऐकलेलं असायलाच हवं. हनुवटीचा स्नायू हाडावरून उचललेला असतो, म्हणून हसू आखडतं. दोन-तीन आठवड्यांत माणूस चारचौघांत वावरण्याइतका सावरतो. खरा आकार दिसायला तीन महिने तरी लागतात, आणि शेवटची बारीक सूज त्यानंतरही रेंगाळते. सहाव्या दिवशी दिसते ती सूज असते, हनुवटी नव्हे.

हे सगळं त्यानं मान हलवत ऐकलं, पण चेहरा सैल झाला नाही. तेवढ्यात आई बोलल्या.

"खरं सांगू का ताई, मी तर आदल्या दिवशीच दचकले. यानं दाढी काढली ना, तेव्हा."

मी पेन खाली ठेवलं. एकोणिसाव्या वर्षापासून, म्हणजे नऊ वर्षं, आत गेलेली हनुवटी झाकायला त्यानं दाढी राखली होती. छेद हनुवटीखाली होता, म्हणून ती काढावी लागली. म्हणजे हा मुलगा स्वतःचा उघडा चेहराच नऊ वर्षांनी बघत होता, तोही सुजलेला. परका वाटणारा अर्धा चेहरा त्याचाच होता! कॉलेजचं पहिलं ओळखपत्र घरी सापडलं, ते पुढच्या भेटीत आम्ही शेजारी ठेवून पाहिलं. डोळे तेच, गाल तेच. त्या दिवशी तो पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसला.

आईंचा सल वेगळा होता. "देवानं दिलेल्या चेहऱ्याला सुरी कशाला लावायची?" त्यांना मी आपल्या पुण्याचीच गोष्ट सांगितली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका विटा करणाऱ्या समाजातल्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं. त्याची हकिगत 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. त्यात दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालायचं, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी जोडलेली पट्टी कापायची, असा सगळा हिशेब आहे. त्याचं नाक गेलं होतं, तुमच्या मुलानं स्वतःहून निवडलंय, हा फरक मोठा आहे, हेही मी सांगितलं. पण आईंनी पकडून ठेवले ते दिवस. "पंचवीस दिवस? आणि हा सहाव्या दिवशी रडतोय," असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग तिसरी गोष्ट निघाली. ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरवलेला! मी तो पुढे ढकलायला लावला. याबाबत मी ठाम आहे: पहिल्या सहा आठवड्यांत कुठला समारंभ, मुलाखत, बघण्याचा कार्यक्रम ठेवू नये, आणि "काढूनच टाका" हा निर्णयही, सर्जननी वैद्यकीय कारण सांगितल्याशिवाय, घेऊ नये. फोटो आठवड्यातून एकदाच, खिडकीशी, दुसऱ्या कोणीतरी पाच-सहा फुटांवरून काढायचा. सेल्फी बंद. फोन जवळ धरला की नाक मोठं दिसतं आणि सगळा चेहराच बिघडतो.

जे अजून ठरवताहेत त्यांना मी एवढंच विचारते: हनुवटी बदलल्यावर नेमकं काय बदलेल असं तुला वाटतं? या मुलाचं उत्तर होतं, "मीटिंगमध्ये बोलता येईल." इम्प्लांट ते करत नाही. बाजूनं चेहरा समतोल दिसावा, एवढीच अपेक्षा असेल तर समाधान मिळायची शक्यता चांगली. एक मुलगी मात्र रोज तीन-चार तास आरशासमोर घालवायची. इतरांना न दिसणारा दोष तिला दिसायचा. तिला मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण अशा त्रासात ऑपरेशननं दोष जात नाही, नुसता जागा बदलतो.

सर्जननाही विचारा: इम्प्लांट कशाचं? सिलिकॉनभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं, ते आत चिकटत नाही, म्हणून काढायला सोपं. सच्छिद्र पॉलिएथिलीन म्हणजे बारीक छिद्रांचं प्लास्टिक, त्या छिद्रांत शरीराच्या ऊती वाढतात. ते पक्कं बसतं, पण काढणं अवघड. छेद तोंडाच्या आतून की हनुवटीखालून? सरकलं तर काय करणार? दातांची ठेवणच बिघडलेली असेल तर इम्प्लांटऐवजी जबड्याचं ऑपरेशन योग्य ठरेल का? सिगारेट, तंबाखू, मिश्री सांगतील तितके आठवडे पूर्ण बंद. जखम भरण्यात त्यांचा अडथळा मोठा. आणि नुसत्या सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, पैशाची सोय त्या हिशेबानं करा.

बाराव्या आठवड्याचा फोटो आईंनी काढला. हनुवटी आता हनुवटीसारखी दिसते, गालांवर दाढीचे खुंट आहेत. ठेवायची की काढायची ते त्यानं अजून ठरवलेलं नाही. ओठाच्या डाव्या कडेला रुपयाएवढी जागा थोडी बधिर आहे. मीटिंगमध्ये बोलायची भीती मात्र होती तशीच आहे. तिच्यासाठी आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी भेटतो.