मिरवणुकीचे फोटो काढायला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा चालेल का?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या मिरवणुकीत, गणपतीला किंवा रथाला, डिजिटल रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचा आणि हाताने फोकस करायचा कॅमेरा) घेऊन जावं का, ऑटोफोकस नसताना चालत्या माणसांवर फोकस बसतो का, आणि लेन्स पस्तीस मिलिमीटरची घ्यावी की पन्नासची. पस्तीसची घ्या. बाकीचं जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी मला चारचौघांत विचारला होता आणि तेव्हा माझ्या तोंडून धड दोन वाक्यं निघाली नव्हती.

त्यांचं म्हणणं असं, की हा कॅमेरा निवांत बसलेल्या माणसाचे फोटो काढायचा. मिरवणुकीला सत्तर-दोनशेची झूम लेन्स लावायची, ओळखीच्या घराची गॅलरी पकडायची आणि धडाधड फ्रेम मारायच्या, शंभरात दोन लागतातच. तसे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढलेत आणि ते छापूनही आलेत. मला ते कधीच आवडले नाहीत. गॅलरीतून दिसतात डोकी, टोप्या आणि झेंडे. घाम दिसत नाही.

मी पंचवटीतली. कामदा एकादशीला, रामनवमीनंतर दोन दिवसांनी, काळारामाहून दोन रथ निघतात. गरुडरथ पुढे, रामरथ मागे. गरुडरथ गोदावरी ओलांडून गावात फिरून येतो; रामरथ नदी ओलांडत नाही, तो अलीकडेच थांबतो. मग दोन्ही रामकुंडावर येतात आणि उत्सवमूर्तींना स्नान होतं. रामरथ ओढायचा मान रास्ते आखाड्याकडे, गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे. १९३०च्या एप्रिलमध्ये, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दिवसांत, याच रथाच्या दोराला कोणी हात लावायचा यावरून दगडफेक झाली होती. त्या दोराला धरलेला हात म्हणजे साधी गोष्ट नाही, हे इथे वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

रामरथापुढे ज्यांच्याकडे त्या वर्षीचा मान असतो ते बुवा रथाकडे तोंड करून, हात जोडून, सगळा वेळ उलटे चालतात. रामाला पाठ दाखवायची नाही म्हणून. अनवाणी, उलट्या पावली, आणि समोर माणसांनी ओढलेला रथ अंगावर येतोय. हा फोटो मला लहानपणापासून हवा होता.

माझ्याकडे जुना, वापरलेला लायका एम ९ आहे. डिजिटल रेंजफाइंडरच, २००९चं मॉडेल, १८ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर फिल्मच्या फ्रेमएवढा. कामापुरता भरपूर. २०१७ला तो पहिल्यांदा रथाला नेला आणि सगळे फोटो हातचे गेले. फोकस अडीच मीटरवर लावून ठेवला होता, पण गर्दीत कुणाच्या तरी कोपराला घासून लेन्सची रिंग फिरली आणि अनंतावर जाऊन बसली. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही, खिडकीतून बघता, आणि खिडकीत सगळं नेहमी स्पष्टच दिसतं. लेन्स काय करतेय ते मधल्या छोट्या चौकोनातच कळतं, तिथे दोन प्रतिमा जुळल्या की फोकस बसला, आणि मी त्या चौकोनाकडे बघत नव्हते. मागचा स्क्रीन गर्दीत बघायला वेळ नव्हता. घरी आल्यावर कळलं, मागच्या घरांच्या खिडक्या कोरल्यासारख्या आणि बुवांचा चेहरा धूसर. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढचे सहा महिने मी अंतर शिकले. आमच्या वाड्यात उंबऱ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत टेपने मोजलं तर बरोबर अडीच मीटर भरलं. रोज येता-जाता तुळशीकडे बघायचं. मग भाजीबाजारात, रविवार कारंजावर, बसस्टॉपवर समोरचा माणूस 'तुळशीएवढा' लांब आहे का, हे नुसतं डोळ्यांनी ठरवायचं. तुमच्या फोकसच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मिरवणुकीत फोकस करायचा नसतो, अंतर राखायचं असतं. पस्तीसची लेन्स एफ ८ला (हा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि स्पष्ट पट्टा मोठा) आणि फोकस अडीच मीटरवर ठेवलात तर साधारण पावणेदोन मीटरपासून पावणेपाचपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. ऑटोफोकस मध्येच आलेल्या झेंड्यावर जाऊन बसतो, हा पट्टा कुठेही जात नाही. हा पट्टा दाखवणाऱ्या लेन्सवरच्या डेप्थच्या खुणांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. त्या फिल्मच्या हिशोबाच्या आहेत. डिजिटलला एक स्टॉप, म्हणजे एफची एक पायरी, कमीच धरा, म्हणजे एफ ८ला असाल तर एफ ५.६च्या खुणा बघा.

आणि रिंगला चिकटपट्टी लावा. मेडिकलमध्ये मिळते ती कापडी, बँडेजवर लावायची. दोन बोटं लांब तुकडा पुरतो आणि लागली तर नखाने उचकटता येते.

२०१८ला मी रथाच्या उजव्या अंगाला, दोराच्या बाहेरून, बुवांच्या बरोबरीने चालत होते. माझे काका तेव्हा दोरावर होते. वय साठीला आलेलं, खांदा दुखरा, पण त्या वर्षी ओढायचंच म्हणून हट्टाला पेटलेले. तळहाताला त्यांनी ओल्या पंच्याची पट्टी गुंडाळली होती आणि ती सुटून तिचं टोक लोंबत होतं. उजेड उतरायला लागलेला. एफ ४वर आले होते, म्हणजे पट्टा दोन मीटरपासून सव्वातीनपर्यंत आक्रसलेला, शटर एक भागिले अडीचशे सेकंद. बुवांचे डोळे रथावर, मागून एकाने त्यांच्या पाठीशी हात धरलेला.

रेंजफाइंडरच्या खिडकीत फोटोची चौकट रेघांनी आखलेली असते आणि रेघांच्या बाहेरचंही दिसत असतं. शिवाय खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला, त्यामुळे उजवा डोळा तिथे लावला की डावा उघडा राहतो. डाव्या डोळ्याने मी खड्डे आणि माणसं बघत होते. उजव्या डोळ्यात, चौकटीच्या डाव्या रेघेबाहेर, मला काकांची मूठ दिसली. दोराला ताण आला की ती मागे जायची, सैल पडला की पुढे यायची. दोनदा येऊन गेली. मी बटण दाबलं नाही. तिसऱ्यांदा ती रेघेच्या आत आली, शिरा तटतटलेल्या, पट्टीचं टोक खाली, आणि त्याच क्षणी बुवांनी उजवं पाऊल मागे टाकलं. तेव्हा दाबलं. एकच फ्रेम. आरसा नाही म्हणून दाबतानाही खिडकी काळी होत नाही. त्यामुळे घरी यायच्या आधीच मला माहीत होतं की फोटो मिळाला.

ग्रुपच्या प्रदर्शनासाठी तो फोटो दिला. त्या ज्येष्ठांनी बाजूला काढला. म्हणाले, "कोपऱ्यात हात चुकून आलाय, फ्रेम स्वच्छ नाही. क्रॉप करून आण." आणि मग सगळ्यांसमोर तो प्रश्न, "मिरवणुकीला हा कॅमेरा आणतं का कुणी?" मी हात क्रॉप केला नाही आणि फोटो लागला नाही. हात चुकून आला नव्हता, मी त्याची दोनदा वाट पाहिली होती. ज्या कॅमेऱ्यात चौकटीबाहेरचं दिसत नाही त्या कॅमेऱ्याने आयुष्य काढलेल्या माणसाला हात आपोआप शिरला असंच वाटणार. पण तो दोर ओढणाऱ्याचा हात आहे. तो कापला तर रथ काय आपोआप चालतोय?

त्या वर्षानंतर काकांनी दोर धरला नाही. फोटो त्यांच्या ओसरीत आहे, आखाड्याच्या जुन्या ग्रुप फोटोशेजारी.

तेव्हा तुमचं उत्तर: हो, चालतो, आणि मिरवणुकीसाठी माझ्या मते याच्याइतका चांगला कॅमेरा नाही. कारण तो तुम्हाला अडीच मीटरवर आणतो. तिथे उभं राहायचं तर लोकांनी तुम्हाला ओळखायला हवं, निदान नकोसं तरी मानू नये. आदल्या दिवशी जा, ढोलपथकाच्या पोरांशी बोला, रथाची तयारी चाललेली असते तिथे बसा.

आता काही गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. अंधार पडला की हे सगळं अवघड होतं. एफ २.८ला पट्टा जेमतेम पाऊण-एक मीटर उरतो, तेव्हा मधल्या चौकोनात दोन प्रतिमा जुळवूनच फोकस करावा लागतो. त्यासाठी उभी रेघ शोधा, झेंड्याची काठी किंवा ढोलाची कड. ढोलाच्या टिपऱ्या स्थिर हव्या असतील तर शटर निदान एक भागिले पाचशे. चष्मा असेल तर अठ्ठावीसच्या लेन्सच्या चौकटीच्या कडा दिसत नाहीत, पस्तीस सांगण्यामागे तेही एक कारण आहे. गुलाल उधळला की लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगातला तपशील उडतो, आणि हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, वरवर ठीक दिसत राहतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमीच ठेवा. एम ९ला धूळ झटकायची सोय नाही, पाण्या-धुळीपासून संरक्षणही नाही, म्हणून गणपतीत आणि रंगपंचमीला लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. रहाडीजवळ, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदाजवळ, तर हा कॅमेरा नेऊच नका, तिथे मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या.

आणि कर्ज काढून घेऊ नका. आधी तुमच्याकडे जो कॅमेरा आहे त्याचा ऑटोफोकस बंद करा, पस्तीसएवढ्या लेन्सवर अडीच मीटर लावा, चिकटपट्टी मारा आणि अनंत चतुर्दशीला मेन रोडवर एक संध्याकाळ तसे काढून बघा. रथाला आलात तर दोराच्या आत पाय टाकू नका, ओढणाऱ्यांना मान वर करून बघायला वेळ नसतो. उजव्या बाजूने, बुवांच्या एक पाऊल पुढे चाला.