फेब्रुवारीअखेर पुण्याजवळच्या माळावर एका दिवसात लांडगे दिसू शकतात का?

दिसू शकतात. मात्र मी लिहायला बसलो आहे तो आपल्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे: ‘त्या ओसाड माळावर अख्खा दिवस फुकट तर जाणार नाही ना?’ ओसाड हा शब्द माझे थोरले मामा गेली वीस वर्षे वापरत आले आहेत. त्यांनी पुढाकार घेऊन त्यांच्या गावच्या गायरानावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ ही झाडे लावली, तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. म्हणून गेल्या वर्षी फाल्गुन लागायच्या सुमारास मी त्यांनाच गाडीत घेतले आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर नेले.

आम्ही पोहोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होते आणि हवेत चांगलाच गारवा होता. गुडघाभर वाळलेल्या गवतात रात्र काढलेले भोवत्या पक्षी एकेक करून उठू लागले. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेले हे शिकारी पक्षी झाडावर नव्हे, जमिनीवर गवतात मुक्काम करतात, हे मामांना पहिल्यांदाच कळले. थोड्या वेळाने चार चिंकारा दिसले. त्यांनी माना वर करून आमच्याकडे पाहिले आणि शेपट्या हलवत ते उतारावरून निघून गेले. ऊन चढल्यावर पखुर्ड्यांचे थवे पाणवठ्यावर उतरले. त्यांचा नर पिल्लांसाठी पोटाच्या पिसांत पाणी भिजवून नेतो. दगडगोट्यांत एक धाविक पक्षी उभा होता, पण तो हलेपर्यंत आम्हा दोघांनाही तो दगडच वाटत होता. लांडगा मात्र दुपारपर्यंत दिसला नाही आणि मामांनी घड्याळ पाहायला सुरुवात केली.

दुपारी हिवराच्या सावलीत एक धनगर भेटले. दिवाळीनंतर धनगरांचे अनेक वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, कोकणात उतरतात, परंतु यांची मेंढरे थोडी असल्यामुळे ते मागेच राहिले होते. त्या महिन्यात लांडग्याने त्यांची दोन कोकरे नेली होती, एक तर वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळ्याचे कुंपण, लावत असतानाच. त्यांचा राग खरा होता आणि मी तो कमी करून सांगणार नाही. तरीही त्यांनी अधिक वेळ तक्रार केली ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांच्या गावाजवळचे चराऊ रान झाडे लावून आणि चर खणून बंद करण्यात आले होते, त्यामुळे मेंढरे अरुंद पट्ट्यात कोंडली गेली होती आणि लांडगाही त्याच पट्ट्यात आला होता. मामा हे सर्व ऐकत होते; त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

सूर्य कलल्यावर, साधारण अडीचशे मीटरवरच्या बांधाआडून एक लांडगी आली. आपला लांडगा बर्फाळ प्रदेशातल्या लांडग्यासारखा केसाळ नसतो. तो सडपातळ, लांब पायांचा आणि वाळल्या गवतात मिसळून जाईल अशा तांबूस करड्या रंगाचा असतो. दुर्बिणीतून तिच्या मानेवरच्या केसांत अडकलेली कुसळेसुद्धा दिसत होती. ती थांबली, तोच गवतातून तीन पिल्ले धावत आली आणि तिच्या जबड्याचे कोपरे चाटू लागली. तिने मान खाली घातली, पाठीला बाक दिला आणि पोटात साठवून आणलेले मांस त्यांच्यापुढे ओकले. दोन मिनिटांत तेथे काहीही उरले नव्हते. आपल्याकडे पिल्ले बहुधा मार्गशीर्ष-पौषात होतात, त्यामुळे फेब्रुवारीअखेर ती बाहेर खेळण्याइतकी मोठी झालेली असतात. आपण निवडलेला काळ म्हणूनच योग्य आहे.

लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. २०२२ च्या गणनेत देशातील वाघ सरासरी ३,६८२ भरले. लांडग्यांचा अंदाज तीन हजारांच्या आसपासचा आहे. तरी वाघाचे जंगल तोडताना निदान आरडाओरडा होतो, तर माळ मात्र सत्कार समारंभ करून मोडला जातो. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमलातील महसुली समजूत आपण अजून सोडलेली नाही. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात गवत हेच मूळचे रान आहे. त्यावर दाट झाडे लावली की चिंकाराला दूरवर दिसत नाही, धाविकाला अंडी घालायला मोकळी जमीन उरत नाही आणि मेंढरांचा चारा संपतो. मामांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो, पण त्यांनी लावलेल्या झाडांखाली आज गवताची काडी नाही. आपल्या गावी माळावर अशी झाडे लावण्याचा ठराव आला तर आपण विरोध करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओढ्याकाठी आणि बांधावर बोर, बाभूळ, हिवर जरूर लावावेत. त्याला माझी हरकत नाही.

जाण्याविषयी थोडेसे: वनखात्याने कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिची नोंदणी ऑनलाइन होते. गाडी ठरलेल्या वाटेवरून खाली उतरवू नये आणि लांडग्यांच्या विवराची जागा कोणालाही विचारू नये. विचारली तरी मी सांगणार नाही. उरलेले अन्न तेथे टाकू नये, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात. त्यांच्याकडून लांडग्यांना रोग होतात, शिवाय पुणे परिसरात दोघांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे.

हे आधीच सांगायला हवे होते, की त्यापूर्वीच्या माझ्या चार फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत मला एकही लांडगा दिसला नव्हता. त्यांतल्या एका संध्याकाळी वाटेवरच्या धुळीत ताजे ठसे तेवढे मिळाले, आणि अंधार पडेपर्यंत मी तेथेच बसून राहिलो होतो.