गावी एकट्या असलेल्या आईसाठी घरच्या घरी बोलका रोबोट कसा बनवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या गावात आई एकटी असते, तिच्याशी बोलेल आणि गोळ्यांची आठवण देईल असा फिरता रोबोट करायचा आहे, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') थोडाफार हाताळता येतो.

आधी तो 'फिरता' शब्द खोडा. सारवलेली जमीन, खोलीखोलीला उंबरठा, आणि दिवाळीच्या सुमारास घरात कापूस येऊन पडला की चाकाच्या आसाला रुईचे तंतू गुंडाळतात. मोटर अडते, करंट वाढतो, मोटरला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट जळतं. फळीवर बसणारा, फक्त मान वळवणारा करा.

दुसरं, सगळं नेटशिवाय चाललं पाहिजे. जिबो नावाचा अमेरिकन घरगुती रोबोट २०१७ मध्ये लोकांच्या घरी पोचला आणि २०१९ मध्ये आपले सर्व्हर बंद होणार हे त्यानेच मालकांना सांगितलं. गावात तर रेंज रोजच जाते.

वीज: १२ व्होल्ट, ६ एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचाच १४.६ व्होल्टचा चार्जर, आणि ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं सर्किट, ५.१ व्होल्टवर लावलेला. पाय ४ साधारण ६ वॅट घेतो, म्हणजे लाइन गेली तरी दहाएक तास निघतात. मानेच्या सर्व्होला, म्हणजे मान वळवणाऱ्या छोट्या मोटरला, पायच्या पिनवरून वीज देऊ नका. मान वळताक्षणी व्होल्टेज पडतं, स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह दिसतं आणि पाय रीस्टार्ट होतो. सर्व्होला वेगळा कन्व्हर्टर द्या, ग्राउंड मात्र एकच ठेवा. एसजी९० या सर्व्होचे प्लास्टिकचे दाते झिजतात, धातूच्या दात्यांचा एमजी९०एस घ्या.

बहुतेक जण फसतात ते घड्याळात. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं. बॅटरी उतरून बंद पडला आणि नेट नसताना सुरू झाला, तर जुनीच वेळ धरून चालतो आणि सकाळची बीपीची गोळी भरदुपारी घ्यायला सांगतो. डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल आणि त्याला सीआर२०३२ बटण सेल लावाच. मेमरी कार्ड ओव्हरले मोडमध्ये ठेवा, म्हणजे चालू असताना कार्डावर काही लिहिलं जात नाही, नाहीतर अचानक वीज गेली की कधीतरी फाइल्स खराब होतात.

आता बोलणं. व्हिस्पर या बोलणं ओळखणाऱ्या प्रोग्रामला मराठी येते, पण पायवर झेपेल असं छोटं मॉडेल मराठीत फार चुकतं. त्यात 'काहून', 'करून रायली' असं वऱ्हाडी आलं की संपलंच. त्यापेक्षा १२-१५ ठरावीक वाक्यं घ्या. प्रत्येक वाक्य आईच्याच आवाजात ४०-५० वेळा रेकॉर्ड करा, निम्मी कूलर चालू ठेवून, आणि एज इम्पल्स या मॉडेल शिकवायच्या वेबसाइटवर एकदाच मॉडेल शिकवा, मग ते पायवर नेटशिवाय चालतं. नुसत्या कूलरची घरघर आणि इतर बोलणं यांचे दोन वेगळे वर्ग द्या, नाहीतर कूलर सुरू झाला की रोबोट उगाच उत्तरं देत बसतो. उत्तरं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. यंत्राच्या आवाजापेक्षा आईला तीच लवकर कळतील. 'गोळी घेतली' सांगायला दाराच्या बेलचं मोठं बटण पुरेसं आहे.

बटण दाबलं गेलं नाही तर तुम्हाला एसएमएस जावा असं वाटत असेल तर सिम८००एल हे सिमकार्ड घालायचं मॉड्यूल स्वस्त आहे, पण ते २जी आहे. त्यात जिओचं सिम चालत नाही. ४जी मॉड्यूल घ्या.

मे महिन्यात टिनाखाली पायला पंखा लागतोच. ८० अंशांवर तो स्वतःचा वेग कमी करतो. बॅटरी वर फळीवर नको, खाली जमिनीलगत ठेवा आणि दुपारी चार्जर बंद राहू द्या, कारण ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करू नये. कूलरच्या झोतासमोर तर काहीच नको, ओलाव्याने पिना गंजतात.

पहिला महिना फक्त घड्याळ, गोळ्या आणि बटण चालवा. मान नंतर.