घोड्याचं औषध

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी फक्त ऐकून घेतलं. चिडलेल्या माणसाला त्याच क्षणी शहाणपण सांगायला गेलं, तर ते डोक्यात शिरत नाही, डोक्यात जातं. आता दोन दिवस झाले, म्हणून लिहिते.

प्रसंग मला कळला तसा मांडते. अमेरिकेतल्या उत्तर जॉर्जियातलं लहान गाव. सत्तरीचा माणूस, दोन वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या तुझ्याच फार्मसीच्या काउंटरवरून नेणारा. बायकोला कोविड झालाय म्हणून व्हिडिओवरच्या कुठल्याशा डॉक्टरनं लिहून दिलेलं आयव्हरमेक्टिनचं प्रिस्क्रिप्शन घेऊन आला. तू नाही म्हणालीस. इथपर्यंत ठीक, मीही नाहीच म्हटलं असतं. पण पुढे तू म्हणालीस, 'ते घोड्याचं औषध आहे.' त्यावर तो, 'तुम्ही लोक मतं मोजता तशीच औषधंही देता,' असं म्हणून निघून गेला. आणि तू मला विचारतेस, मावशी, औषधाचा आणि मतमोजणीचा काय संबंध?

संबंध आहे. पण आधी घोड्याचं बघू, कारण तिथे तू चुकलीस.

ते घोड्याला देतात हे खरं. पण माणसांनाही देतात, आणि कोट्यवधींना दिलंय. आफ्रिकेत नदीकाठच्या गावांत माणसं आंधळी करणाऱ्या रोगावर 1987 पासून ते फुकट वाटलं जातंय. ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे खरजेला आणि जंतांना डॉक्टर सर्रास लिहून देतात, तुझ्या आईनं तुला लहानपणी दिलंही असेल. कोविडवर ते चालत नाही हे मोठ्या चाचण्यांतून दिसलं. ब्राझीलमधल्या चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला. त्याच्या आधी ज्या अभ्यासांनी आशा लावली होती, त्यातला इजिप्तमधला एक मोठा अभ्यास आकडेवारीतल्या गडबडीमुळे मागे घ्यावा लागला होता. हे सगळं तुला माहीत आहे, तू डॉक्टरेट केलेली फार्मसिस्ट आहेस. मग तोंडातून घोडाच का निघाला?

कारण तो शब्द तुझा नव्हताच. ऑगस्ट 2021 मध्ये एफडीएनंच, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनंच, ट्विट केलं होतं: तुम्ही घोडा नाही, गाय नाही, पुरे करा आता. आम्ही दुकानात हसलो होतो. लोक खरंच जनावरांच्या दुकानातून ती पेस्ट आणून खात होते आणि ते धोक्याचं होतं, त्यामुळे इशारा द्यायलाच हवा होता. पण ज्यांच्या हातात माणसांसाठीच्या गोळीचं माणसाच्या डॉक्टरनं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन होतं, त्यांना त्या एका ओळीतून एवढंच कळलं, की सरकार आपल्याला जनावर म्हणतंय आणि वर खोटंही बोलतंय. काही डॉक्टर कोर्टात गेले. मार्च 2024 मध्ये तडजोड होऊन एफडीएला ती पोस्ट काढावी लागली. औषधाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी त्यांना माघार घ्यावी लागली. हे तू नीट लक्षात ठेव.

आता गंमत बघ. तीच गोळी आपल्या गोव्यात मे 2021 मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायची, असं तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं. केंद्राच्या उपचारसूचीतही ती त्या सप्टेंबरपर्यंत होती. तिकडे त्यावर शास्त्रज्ञांनी टीका केली, वर्तमानपत्रांत वाद झाले. पण गोळी घेतली म्हणून कुणी अमक्या पक्षाचा आणि नाही घेतली म्हणून तमक्या पक्षाचा ठरला नाही. माझ्या भावानं साताऱ्यात पूर्ण कोर्स केला आणि नंतर कोविशील्डचे दोन्ही डोसही घेतले. त्याला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. इथे अमेरिकेत गोळी म्हणजे एक झेंडा झाली आणि लस म्हणजे दुसरा. तुझ्यासमोर तो माणूस आला तेव्हा तो औषध मागत होताच, पण त्याच्याआडून विचारत होता, 'तू कुणाकडची?' आणि घोडा म्हणून तू त्या प्रश्नाचं उत्तर दिलंस.

तुला एवढं बोलतेय तर माझंही सांगायला हवं. मी कुणाला मत देते तुला ठाऊक आहे. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रम्प सारखे म्हणत होते की लस निवडणुकीच्या आत येऊ शकेल. कमला हॅरिस एका मुलाखतीत म्हणाल्या, ट्रम्प यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही, विश्वासार्ह ठिकाणाहून माहिती आली तर ठेवीन. त्या महिन्यात प्यू संस्थेच्या पाहणीत लस घेऊ म्हणणारे निम्म्यावर आले होते. मे महिन्यात ते 72 टक्के होते. दोन्ही पक्षांचे लोक घसरले होते. आणि मी, तीस वर्षं औषधं देणारी बाई, काउंटरवर आलेल्या एका ओळखीच्या सुताराला म्हणाले, 'मतदानाच्या आधी आली तर मी तरी नाही घेणार बाबा.' हॅरिसबाईंच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी गिळून टाकला होता.

जानेवारीत मी त्याच काउंटरमागे लस टोचत उभी. तो आला, सुईकडे बघितलं आणि विचारलं, 'तीच ना ही? ट्रम्पच्या वेळची?' मी म्हटलं, हो. 'मग बदललं काय?' मला उत्तर सुचलं नाही. उत्तर होतं: चाचणीचा निकाल आला होता, बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीनं तो उघड्यावर तपासला होता. पण माझ्या सप्टेंबरच्या वाक्यात निकालाचा उल्लेखच नव्हता, निवडणुकीचा होता. त्यानं लस घेतली नाही. ठणठणीत आहे, अजून भेटतो, हसतो. ते हसू मला टोचतं.

आता तुझा प्रश्न. त्या दोन गोष्टींची गाठ बसली ती नोव्हेंबर 2020 मध्ये. मतदान 3 तारखेला. 7 तारखेला, शनिवारी, बायडन जिंकल्याचं वृत्तसंस्थांनी सांगितलं. आणि 9 तारखेला, सोमवारी, फायझरनं जाहीर केलं की लस नव्वद टक्क्यांहून अधिक परिणामकारक आहे. ट्रम्प म्हणाले, मुद्दाम थांबवलं. हे नुसतं उडवून लावू नकोस. कंपनीच्या मूळ आराखड्यात चाचणीतले 32 जण आजारी पडले की पहिला हिशेब उघडायचा होता. एफडीएशी बोलणी होऊन तो आकडा 62 वर गेला, आणि बोलणी चालू असताना आलेले नमुने न तपासता ठेवून दिले गेले. तपासणी पुन्हा सुरू झाली तोवर आजारी 94 झाले होते. 32 हा आकडा लहान होता, थांबण्यात शास्त्राच्या दृष्टीनं अर्थ होता, मला आजही ते पटतं. पण ज्याचा माणूस दोन दिवसांपूर्वी हरलाय, त्याला ही हकीकत कशी ऐकू येईल? तुझा तो गिऱ्हाईक तेव्हापासून दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहितो.

आणि आपल्या राज्यात तर ती वही घराघरात उघडली गेली. मी दर निवडणुकीला रोजंदारीवर मतदान केंद्रात बसते, हे तुला हौशीचं वाटतं. त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जियानं पन्नास लाखांच्या आसपास कागदी मतपत्रिका हातानं मोजल्या, त्या मोजणाऱ्यांत मी होते. एका टेबलावर दोघं. एकानं कागद उचलून नाव मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्यानं पुन्हा बघून ढिगावर ठेवायचा. क्यूआर कोडकडे बघायचं नाही, छापलेलं नाव वाचायचं. संध्याकाळी घसा बसायचा. खुर्च्या वाईट, कॉफी त्याहून वाईट.

आमच्या टेबलाजवळ रिपब्लिकन पक्षाचा एक निरीक्षक होता. पहिल्या दिवशी हाताची घडी घालून आमच्याकडे चोराकडे बघावं तसा बघत उभा. तिसऱ्या दिवशी त्यानं माझी चूक पकडली. दोन कागद चिकटून आले होते आणि मी एकच नाव वाचलं होतं. आम्ही तो गठ्ठा पुन्हा मोजला. नंतर तो माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला. शेवटच्या दिवशी मी विचारलं, आता पटलं? तो म्हणाला, 'या खोलीतलं पटलं. तिकडे अटलांटाच्या फुल्टन काउंटीत काय झालं ते देव जाणे.'

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तो अगदी बरोबर बोलला. त्यानं जेवढं पाहिलं तेवढ्यावरच विश्वास ठेवला. त्या मोजणीत फ्लॉइड काउंटीत 2,600 हून अधिक आणि फेएट काउंटीत 2,700 हून अधिक मतं आधी मोजायची राहून गेल्याचं सापडलं, आणि त्यातली जास्त ट्रम्प यांना होती. सुरुवातीचा सुमारे चौदा हजारांचा फरक 12,670 वर आला, मग यंत्रावर आणखी एकदा मोजून 11,779 वर. राज्याचे निवडणूक अधिकारी रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, त्यांनी ट्रम्प यांच्या मतांत भर घालणाऱ्या चुका उघड मांडल्या आणि तरी निकाल बदलत नाही हेही सांगितलं. त्याचं बक्षीस म्हणून त्यांना ट्रम्प यांचा 2 जानेवारीचा तो फोन आला, '11,780 मतं शोधायची आहेत' असं सांगणारा. फुल्टनमध्ये मोजणीचं काम करणाऱ्या दोन मायलेकींवर तर मतं चोरल्याचा आळ घेऊन लोकांनी इतक्या धमक्या दिल्या, की आईला घर सोडावं लागलं. 2023 मध्ये ज्युरीनं त्यांना 14 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई ठरवली, पण त्या परत त्या कामाला गेल्या नाहीत. मोजणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते ते मी जवळून पाहिलंय. म्हणून तुझा ओला आवाज मला समजला.

आणि हे सगळं एकाच बाजूचं दुखणं आहे असं समजू नकोस. 2018 मध्ये याच राज्यात डेमोक्रॅट स्टेसी अब्राम्स गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी केम्प स्वतःच निवडणूक खात्याचे प्रमुख होते आणि यंत्रांना कागदच नव्हता. 'हे पराभव मान्य करणारं भाषण नाही,' असं अब्राम्स म्हणाल्या आणि मी टाळ्या वाजवल्या. 2020 मध्ये निवडणूक नीट झाली असं म्हणणारा ट्रम्प मतदार जेमतेम पाचांत एक होता. 2024 मध्ये ट्रम्प जिंकले आणि त्यांच्या मतदारांपैकी दहांतले नऊ म्हणू लागले, सगळं छान झालं. मधल्या काळात मतपेट्या सुधारल्या नव्हत्या, निकाल बदलला होता. तुझे बाबा सोलापूरच्या मारकडवाडीची बातमी मला पाठवून ईव्हीएमवर भांडतात ना, त्यांना सांग की 2009 मध्ये हरल्यावर हेच प्रश्न भाजपवाले विचारत होते. प्रश्न विचारणं वाईट नाही. तेव्हा रेटा लागला म्हणून तर पुढे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली.

आता लशीचं वारंही फिरलंय. जून 2025 मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी लसीकरणाबाबत सल्ला देणाऱ्या समितीच्या सगळ्या सतरा सदस्यांना काढलं, आणि काल सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, शब्द प्रमाण मानणारे माझे मित्र आज म्हणतात, सीडीसीचं ऐकू नका. त्यांची कारणं मला पटतात. पण सुताराला ते कसं सांगू, हा प्रश्न मला पुन्हा पडलाय. या वेळी मी निदान एवढं करते: समितीनं कुठला अभ्यास बाजूला ठेवला ते सांगते, समितीवर कोण बसलंय ते नाही.

अजून एक, घाईत. तुझ्या दुकानात अलाबामाकडून आलेलं एखादं वयस्कर कृष्णवर्णीय गिऱ्हाईक लस नको म्हणालं, तर त्याला ट्रम्पवाला समजू नकोस. टस्कीगी आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. तिथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं बघितलं. पेनिसिलिन आल्यावरही. त्या माणसाचा 'नको' वेगळ्या मातीतून उगवलाय. आधी ऐकून घे.

मग त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं? 'हे चांगलं औषध आहे, पण कोविडवर नाही. मोठ्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मी देणार नाही, कारण हे आहे. तुमच्या बायकोचं वय काय? लक्षणं कधी सुरू झाली?' पाच दिवसांच्या आत असेल तर पॅक्सलोविड या कोविडवरच्या गोळ्यांचा विचार होऊ शकतो, आणि ती दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेते ते बघायला तर तूच हवीस. तू तिची चौकशीच केली नाहीस. मला फोनवर सांगतानाही तिच्याबद्दल एक शब्द नव्हता, सगळा वेळ त्याच्याबद्दल आणि तुझ्याबद्दल बोलत होतीस.

तो मतांचं पुन्हा काढेल. तेव्हा वाद घालू नकोस. मी मोजायला बसले होते म्हणून मी बोलू शकते, तू बसली नव्हतीस. वाटलं तर पुढच्या वेळी नाव नोंदव. मतदान केंद्रांना माणसं कमीच पडतात. दिवस पहाटे सुरू होतो, डबा घरून न्यायचा, आणि रात्री मशीनमधून बाहेर येणाऱ्या लांबलचक पट्टीवर सही करायची.

त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील. संगणकावर तारीख बघ आणि आपोआप जाणाऱ्या मेसेजवर सोडू नकोस, स्वतः फोन कर. आधी बायको कशी आहे ते विचार.

तुझी,
मावशी