टॉर्ट म्हणजे काय? शेजाऱ्याने नुकसान केलं तर पोलीस "दिवाणी बाब आहे" म्हणून परत का पाठवतात?

मलाही असंच परत पाठवलं होतं, म्हणून लिहितोय.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन सोळावा दिवस होता, फूट पाच-सहा पानांवर, घड दिसायला लागलेले. बांधापलीकडं शेजाऱ्याचा ऊस. त्यानं भर दुपारी, वारा आमच्याकडं असताना, उसातल्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. आदल्या दिवशीच मी बांधावर जाऊन सांगितलं होतं, बाग कोवळी आहे, सकाळी वारा पडलेला असताना मारा. "बघतो" म्हणाला. चौथ्या दिवशी शेंडे वाकले. नवी पानं पंख्यासारखी चुणली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, कडेला दाते. बांधाकडच्या नऊ ओळी सगळ्या अशा, आणि आत जावं तशी पानं बरी. औषध कुठून आलं ते बागच सांगत होती.

ठाण्यात म्हणाले, मुद्दाम केलं असं दिसत नाही, कोर्टात जा. तेव्हा राग आला, पण त्यांचं चुकीचं नव्हतं. आगळिकीचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस केल्याचा, गुन्हा लागायला नुकसानीचा हेतू किंवा जाणीव लागते, नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. पण गुन्हा नाही म्हणजे चूकच नाही, असं कोण म्हणालं? टॉर्टचं काम तिथंच सुरू होतं. मराठीत त्याला अपकृत्य म्हणतात. फौजदारीत सरकार शिक्षा मागतं, इथं ज्याचं नुकसान झालं तो स्वतः भरपाई मागतो. दोघांत करार असावा लागत नाही. निष्काळजीपणाच्या दाव्यात एवढंच दाखवायचं की समोरच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, ती त्यानं पाळली नाही, आणि नुकसान त्यातूनच झालं. तेही संशयातीत नाही, जास्त शक्यता कुणाच्या बाजूला एवढं बघतात.

आपल्याकडं अपकृत्यांचा असा एकच कायदा नाही. बरीच तत्त्वं इंग्लंडच्या निकालांतून आलीत. तासगावच्या वकिलांनी मला १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर सांगितला. एकानं स्वतःच्या जमिनीत तळं बांधलं, पाणी जुन्या बंद पडलेल्या वाटांनी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, आणि त्याची स्वतःची काही हयगय नसतानाही भरपाई त्यालाच द्यावी लागली. आमच्या बाबतीत तेवढं लांब जायची गरजच नव्हती, हयगय सरळ दिसत होती.

नोटिशीचा मसुदा तयार झाला आणि आमचे थोरले बंधू आडवे आले. "वाऱ्याला कोण जबाबदार? बांधाला बांध आहे, उद्या तोंड दाखवायचंय." दादा, वारा त्यानं सोडला नव्हता, औषध त्यानं सोडलं होतं. आणि कुठल्या दिशेला जाणार ते त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. भरपाई मागणं म्हणजे वैर धरणं नव्हे. नऊ ओळींच्या मजुरीचे, खताचे पैसे आम्ही घातले होते, ते आम्हीच का सोसायचे? एवढं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तेव्हा तुम्ही नोटीस द्या. शेजारी आहे, भावकी आहे, म्हणून थांबू नका. नोटिशीनंतर बरेच जण बोलायला तयार होतात.

मात्र मी वकील नाही, शेतकरी आहे. तुमचं नुकसान कसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मुदत त्यावर ठरते. आमच्यासारख्या दाव्याला साधारण तीन वर्षं, बदनामीला एकच. समोर सरकारी खातं असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. वाहनाचा अपघात असेल तर वाट वेगळी, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं जायचं. आणि निकाल लवकर लागेल या भरवशावर राहू नका.

सगळ्यात आधी मात्र तारखेसह फोटो काढा, कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) बोलावून पंचनामा करून घ्या, आणि तोवर काही तोडू नका. "नवी फूट येईल" म्हणून दादांनी त्याच आठवड्यात शेंडे खुडायला लावले. वकिलांनी पहिल्यांदा तेच मागितले होते.