गंजलेलं लोखंडी गेट रंगवायच्या आधी हातानं किती घासावं?

प्रश्न असा: खानापूरकडच्या घराचं जुनं गेट गंजलंय, ग्राइंडर नाही, तारेच्या ब्रशनं घासून रंग दिला तर टिकेल का?

टिकेल. मी बेळगावात फॅब्रिकेशनच्या कामात आहे, म्हणून सांगतो, लोखंड चकाकेपर्यंत घासायच्या नादाला लागू नका. हातानं ते होत नाही आणि तेवढी गरजही नाही. रंगाआधी लोखंड किती साफ हवं हे सांगणाऱ्या आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात हातानं घासून साफ करण्याला एसटी २ असा दर्जा आहे. सुटा गंज, सुटी पपडी, सुटा रंग निघालाच पाहिजे. घट्ट धरून बसलेलं राहिलं तर चालतं. घट्ट कुठलं हे ओळखायला लांबी (पुट्टी) भरायची बोथट पत्ती घ्या आणि कडेखाली घालून उचला. उचललं गेलं तर काढा, नाही तर सोडा.

पण ब्रश उचलायच्या आधी थिनरच्या फडक्यानं बिजागरीचं ग्रीस पुसा, फडकं बदलत बदलत. नाहीतर ब्रश तेच ग्रीस गेटभर पसरवतो. मग जाड पापुद्रे छिन्नी-हातोडीनं उडवा. लोक इथंच घाई करतात: पापुद्र्यावरच ब्रश मारतात, वरून तांबूस चमक येते आणि आत पोकळ राहतं. पुढच्या पावसाळ्यात रंग तिथंच फुगतो. पापुद्रे गेले की ब्रश, शेवटी ८० नंबरचा घासायचा पेपर. उरलेल्या जुन्या रंगाच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर अजून घासा.

खरा वेळ खालच्या पट्टीला आणि फ्लॅट (सपाट पट्टी) आणि अँगलच्या सांध्यांना द्या, पाणी तिथंच साचतं. ब्रश त्या फटीत जात नाही; तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा जातो.

गेट जुनं असेल तर मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) खाली ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. जुना रंग राहिलेला भाग पेपर ओला करून घासा आणि उन्हात पुरता वाळू द्या. बाकी धूळ कोरड्या फडक्यानं. घासलेल्या गेटवर पाण्याचा पाइप सोडू नका.

प्रायमर त्याच दिवशी. दिवाळीनंतर तुमच्याकडं सकाळी लोखंड दवानं ओलं असतं. दव पडायच्या तापमानापेक्षा ते निदान ३ अंश गरम हवं, म्हणजे ऊन चांगलं लागल्यावर सुरू करून दुपारीच आटपा. साधा रेडऑक्साइड प्रायमर घ्या. दुकानदार भारीतला झिंकवाला देऊ लागला तर नको म्हणा: जस्त भरपूर असलेल्या त्या प्रायमरला उघडं लोखंड लागतं, गंजाचा थर मधे राहिला की त्याचा उपयोग नाही. कडा आणि वेल्डिंगवर आधी छोट्या ब्रशनं एक हात फिरवा, मग सगळं गेट.